गाठ न सुटलेला डबा

कराड
कार्तिक शुद्ध दशमी

चि. नंदूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा बंटीने डबा आणून दिला. त्याला वाटलं रिकामाच आहे. दारातच म्हणाला, "मामी, जड कसा काय लागतोय?" फडक्याची गाठ मी मारली होती तशीच होती. गाठ मारताना मी एक टोक आत खोचते, तुला माहीत आहे. ते टोकसुद्धा आतच होतं. म्हणजे तू उघडून बघितलाही नाहीस. बेसनाचे लाडू होते, घरच्या तुपाचे, आणि ओवीसाठी कडबोळी. निदान तिची कडबोळी तरी काढून घ्यायचीस.

मग मी तणतणत फोन केला आणि तू जे बोललास ते बोललास. मी बोलले ते तर विचारूच नको. "तोंड बंद ठेवलं असतंस तर पोट कापायची वेळ आली नसती," हे आईने बोलायचं वाक्य नव्हे. ते मी मागे घेते. लाडवांनीच हे झालंय असं तू म्हणालास, ते मात्र मागे घेऊ नकोस. त्यात खरं किती आणि रागाचं किती, याचा हिशेब मी दोन रात्री करतेय.

फोनवर आपलं जमत नाही म्हणून लिहितेय. अश्विनीकडून वाचून घेऊ नकोस, स्वतः वाच.

एकच गोष्ट सांगते आणि मग तो विषय बंद. वजन उतरवायच्या ऑपरेशनला दवाखान्यात जाताना ते झोपेचं मशीन बरोबर ने. मास्क, पाइप, सगळं. भूल उतरल्यावर माणूस गुंगीत असतो, आणि तुझा श्वास झोपेत थांबतो हे तपासणीतच निघालंय. भूलतज्ज्ञांना तू स्वतःच्या तोंडाने सांग, फाइलमध्ये लिहिलंय म्हणून गप्प बसू नकोस. झालं. आता नाही काढणार.

अश्विनीने आहाराच्या कागदाचा फोटो पाठवला, तो मी वहीत उतरवून घेतला. ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे एवढं कमी आणि पातळ का, ते मला आधी कळेना. म्हटलं, कापायच्या आधी पोराला उपाशी का मारताय? मग तिने समजावलं. यकृताचा डावा भाग जठरावर झाकणासारखा असतो, आणि चरबीने तो फुगलेला असला की दुर्बिणीतून काम करणाऱ्यांना उचलून धरायला जड जातो. भात-साखर बंद केली की दोन आठवड्यांत तो आकसतो. कमी झालाच नाही तर डॉक्टर ऑपरेशन पुढेही ढकलतात. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर डबा पाठवला नसता. तुझी साखरेची गोळी मात्र विचारून घे. इतकं कमी खाताना तोच डोस घेतलास तर साखर एकदम उतरू शकते. विचारलंस का? विचारलं असशील. तरी विचार.

एकतीस वर्षं अंगणवाडीत माझं कामच वजन वाढवायचं होतं रे. आढ्याला काटा टांगायचा, झोळीत पोर ठेवायचं, ते हातपाय झाडतंय तोवर सुई नाचायची, थांबली की आकडा तक्त्यावर टिंब करून मांडायचा. टिंब मागच्या महिन्याच्या वर गेलं की आया हसायच्या. पोराचं चारशे ग्रॅम वाढलं म्हणून एकीने माझ्या तोंडात साखर घातली होती. खाली गेलं की मी त्या घरी जाऊन, सुकडी कशी शिजवायची इथपासून सुरुवात करायची. कुपोषणाच्या तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतली पोरं मी या हाताने भरवली आहेत. आता अश्विनी आनंदाने सांगते, "आई, चार दिवसांत दोन किलो उतरलं," आणि माझ्या पोटात गोळा येतो. मग स्वतःला समजावते, बाई, १२८ मधले दोन गेलेत.

आणि तू तर १ किलो ९०० ग्रॅमचा. आठव्या महिन्यातला. ओढायची ताकद नव्हती, दर दोन तासांनी बोंडल्याने पाजायचे, निम्मं गालावरून ओघळायचं. तुझी आजी म्हणायची, पोर वाचलं तर खाऊन वाचेल. ते डोक्यात असं बसलं की तू वाचलास, शाळेत गेलास, मिसरूड फुटलं, तरी मी तुला वाचवतच राहिले.

अश्विनी म्हणाली, त्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी तुला विचारलं, लहानपणी रडलास की घरचे काय करायचे? तू म्हणालास, आई हातावर लाडू ठेवायची. हे ऐकून मी तिच्यावरच चिडले. ऑपरेशन पोटाचं, यात डोक्याच्या डॉक्टरचं काय काम? पण रात्री आठवायला लागले. चौथीत गणित राहिलं, लाडू. सायकल चोरीला गेली, लाडू. बाबा गेले तेव्हा तू बारावीत. तेराव्यापर्यंत माजघरात भिंतीला टेकून बसलेला असायचास. मी बघितलं आणि डबा तुझ्याकडे सरकवला. जवळ बसायला हवं होतं. पण मला दुसरं काही येत नव्हतं आणि घरभर माणसं होती.

त्या बाईंनी वही घालायला सांगितलीय ना? किती वाजता खाल्लं, काय खाल्लं आणि त्याआधी काय झालं होतं. तू दोन दिवस लिहिलीस आणि सोडलीस. दोन दिवसांत तिसऱ्या रकान्यात "साहेब" चार वेळा आलाय म्हणे. मी हसले, पण नंदू, ती वही परत सुरू कर. ऑपरेशननंतर साहेब तोच असणार आहे. पोट केळ्याएवढं होईल, चारातले तीन भाग काढून टाकतील, भूक लावणारं संप्रेरक जिथे जास्त तयार होतं तो वरचा भागही जाईल, म्हणून सुरुवातीला भूकच कमी लागेल. साहेबावरचा राग मात्र कुठेही जाणार नाही, आणि तो रात्री साडेअकराला फ्रिज उघडतो. चिवडा मूठमूठ करून लहान पोटातही दिवसभरात मावतो, आइस्क्रीम तर घसरतच जातं. मग दोन वर्षांनी काटा परत वर. असे लोक आहेत. म्हणून रागाचं काय करायचं ते आत्ताच ठरव, टाके पडायच्या आधी. गच्चीवर जा, बंटीला फोन कर, मला कर. मला शिव्या घाल, पण फोन कर.

दिवाळीत तू तीन दिवस जे केलंस तेही कळलंय मला. सकाळी मिसळ, दुपारी बिर्याणी, रात्री परत बाहेर, "आता मिळणार नाही" म्हणून. अरे, फाशीच्या कैद्याला शेवटचं विचारतात तसं! ऐकून माझे हातपाय गार पडले. तू परत येणार आहेस. आधी पाण्यासारखं, मग वरणासारखं, मग गुरगुट्या भातासारखं मऊ, असं करत दोन महिन्यांत साध्या जेवणावर येशील. पुढे बहुतेक सगळं खाता येतं, चार घास. निरोप कसला घेतोस अन्नाचा.

काल मी तुझ्या कागदाप्रमाणे जेवून बघितलं. लहान ताटली, अर्धी ज्वारीची भाकरी, दुधीची भाजी, तांब्या लांब ठेवलेला, कारण जेवताना पाणी नाही आणि नंतरही अर्धा तास नाही. एकेक घास तीस वेळा चावायचा. बारा-पंधरापर्यंत घास आपोआप घशाकडे पळतो, त्याला मागे ओढावं लागतं. पंचविसाच्या पुढे भाकरी गोड लागायला लागते. पासष्ट वर्षं भाकरी खाल्ली, ती गोड असते हे मला माहीत नव्हतं. आयुष्यभर पोरांची शाळा, गॅसवर दूध, दारात कोणीतरी, असंच गिळलं. अर्ध्या भाकरीला पंचवीस मिनिटं लागली आणि दुसरी अर्धी मागावीशी वाटली नाही. पाण्याचं मात्र जमलं नाही, दहाव्या मिनिटाला ठसका लागला आणि प्यायले. म्हणून सांगते, हे ऑपरेशननंतर करू म्हणून ठेवू नकोस, सवय लागायला वेळ लागतो. तुझी तर दोन घासांनंतर पाण्याचा घोट घ्यायची खोड. ती आजपासून मोड. बुडबुडेवालं थंड पेयसुद्धा. आणि तीन गोळ्यांचं ते श्वासाचं यंत्र दिलंय, ते ओवीच्या खेळण्यात पडलेलं असतं म्हणे. ते फुंकायचं नसतं, ओढायचं असतं. गोळ्या वर धरून ठेवायच्या. दिवसातून चार-पाच वेळा कर. फुप्फुसं मोकळी असली की भूल

बघ, परत भूल. आणि परत शिकवणी. तुझे बाबा म्हणायचे, ही घरातही अंगणवाडी भरवते. सदतीस वर्षांच्या माणसाला घास कसा चावायचा ते सांगतेय. माफ कर.

तरी प्रथिनांचं सांगतेच, कारण हिशेब माझाच आहे. दिवसाला साठ ग्रॅम तरी लागणार. वाटीभर घट्ट वरणात सात-आठ. शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. अंड्यात सहा. तीन-चार घासांच्या जेवणात नुसत्या वरणावर साठ कसे भरणार? ती पावडर घ्यावी लागेल, ठीक आहे. अंड्याचं असं, की माझी माळ आहे, मी शिजवणार नाही. पण अश्विनीला सांग, मी आले म्हणून लपवून करू नकोस. एक पातेलं वेगळं ठेव. मी हात लावणार नाही आणि नावंही ठेवणार नाही. बी-१२, लोह, कॅल्शियम, डी या गोळ्या जन्मभर आहेत. गोळ्यांच्या बाबतीत तू बाबांवर गेलायस, म्हणून अश्विनीच्या ताब्यात दे.

शेजारी पार्वतीकाकूंना मी सांगून टाकलं. तू म्हणाला होतास सांगू नकोस, पण त्या म्हणाल्या, "पैसे घालवून पोट कापून घ्यायचं, ही कसली फॅशन?" मग मला राहवेना. म्हटलं, नंदूने तीन डॉक्टर गाठले, सगळ्या तपासण्या स्वतः करून घेतल्या, एंडोस्कोपीला एकटा गेला. आमच्या ह्यांना चष्म्याचा नंबर काढायला न्यायला मला दोन वर्षं लागली होती. काकू गप्प बसल्या. तुझ्यासमोर मी असलं काही बोलत नाही, ते आपलं मला जमत नाही.

बाबांचं सांगायचं नव्हतं. तेही असेच घोरायचे. आपण हसायचो, कोयना एक्सप्रेस आली म्हणायचो. मधेच गाडी थांबायची. मी झोपेतच कोपराने ढोसायची, की परत सुरू. बावीस वर्षं मी ढोसत होते आणि ते आपण काय करतोय हे मला ठाऊक नव्हतं. त्या रात्री मी ताईच्या बाळंतपणाला साताऱ्याला होते. डॉक्टर म्हणाले, हार्ट. असेल. मी त्यावर कधी काही बोलले नाही आणि आताही बोलत नाही. तुझ्या डॉक्टरांनी सांगितलंय की हजारात एखाद-दुसऱ्यालाच जिवावर बेततं, आणि वजन तसंच ठेवलं तर धोका त्याहून मोठा. मला आकडे कळतात. आयुष्यभर रजिस्टर भरलंय. पण रजिस्टरमध्ये एखादा म्हणून लिहितात ना, त्याला एक घर असतं.

मी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळच्या एसटीने निघते, स्वारगेटला बंटी येईल. पहिल्या रात्री खोलीत एकालाच थांबू देतात असं अश्विनी म्हणाली. तिला घरी ओवीजवळ राहू दे, मी थांबते. मला खुर्ची चालेल. मला तसंही झोप लागत नाही, आणि कान शाबूत आहेत. दुसऱ्या दिवशी तुला चालवतील, तेव्हा "आई, उगीच धरू नकोस" असं नर्ससमोर म्हणू नकोस.

माळ्यावरून तुझी वाटी काढली. सुदृढ बालक स्पर्धा, १९९१, पहिला नंबर. टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव अजून वाचता येतं. औषधाच्या टोपणाने पाणी मोजून बघितलं, बरोबर दीडशे मिली. ऑपरेशननंतरच्या जेवणाला हीच घ्यावी असं मनात आलं. मग वाटलं, तुला राग येईल. त्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी तुला दोनदा जास्त भरवलं होतं. पिशवीत ठेवलीय. नको असली तर सांग, काढून ठेवीन.

उद्या एकादशी. एरवी साबुदाणा, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी असं दुप्पट खाऊन मी उपास करते. उद्या तुझ्या कागदावरचा ताकाचा पेला आणि दुधीचं सूप घेणार आहे. लाडू बंटीने नेले, त्याच्या ऑफिसात दहा मिनिटांत संपले.

ओवीला पापा. अश्विनीला आशीर्वाद.

तुझी
आई

ता. क. मशीनची वायर वेगळी असते ना? तीही घे. आणि दवाखान्यात पलंगाजवळ प्लग आहे का ते आधी विचारून ठेव, नाहीतर मी इथून एक्स्टेंशन बोर्ड आणते.