पुस्तके नेली, कागद मात्र नकोत

महोदय,

माझे मामा तीस वर्षांहून अधिक काळ एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरीला होते आणि निवृत्तीनंतर अखेरपर्यंत बेळगाव, खानापूर व चंदगड भागातील गावांचा इतिहास लिहीत राहिले. त्यांच्या पश्चात घरातली पुस्तके एका संस्थेने आनंदाने नेली. परंतु कागदांचा विषय काढताच, छापील असेल तेवढेच द्या, असे उत्तर मिळाले. दुसरीकडे कागद घेण्याची तयारी होती, पण फक्त कन्नड. तिसरीकडे फक्त मराठी. असा अनुभव इतर घरांनाही येत असणार, म्हणून हे पत्र.

वास्तविक पुस्तकाची दुसरी प्रत कुठेतरी सापडते. १८८४ साली निघालेले बेळगाव जिल्ह्याचे गॅझेटिअर अनेक ग्रंथालयांत आहे. मामांनी त्यात सुचवलेल्या दुरुस्त्या मात्र शहापुरातल्या एका माळ्यावरच आहेत. त्या त्यांनी समासात लिहिल्या नाहीत, कारण पुस्तकावर शाई लावणे त्यांच्यातल्या ग्रंथपालाला पाप वाटे. ग्रंथालयातून बाद झालेली, तळाशी सळईसाठी गोल भोक असलेली कॅटलॉगची कार्डे त्यांनी पाठकोऱ्या बाजूने वापरली आणि चपलांच्या खोक्यांत गाववार लावून ठेवली. स्वतः पाहिलेले निळ्या शाईत, दुसऱ्याकडून ऐकलेले तांबड्या. आणि तांबड्या कार्डावर सांगणाऱ्याचे नाव, वय व तारीख हवीच. हलशीच्या खोक्यात शिलालेखांच्या कन्नड लिपीतल्या नकला, मोडी कागदांचे बाळबोध लिप्यंतर आणि इंग्रजी टिपणे एकामागे एक आहेत. ती भाषेप्रमाणे निवडून वेगळी केली, तर कोणते टिपण कशावरून झाले हे मामींनाही सांगता येणार नाही, आणि त्यांनी या खोक्यांवरची धूळ निम्मे आयुष्य पुसली आहे.

सीमाभागात अशा कागदांचे मोल अधिक आहे, ते इथल्या दप्तरांच्या विखुरलेपणामुळे. १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता, म्हणून जुने कागद पाहण्यासाठी मुंबई-पुण्याची वाट धरावी लागते, नंतरच्यांसाठी बंगळूर. चंदगड तालुका त्याच वेळी कोल्हापूर जिल्ह्यात गेला. खुद्द शहापूर आज बेळगाव शहराचा भाग असले, तरी संस्थाने विलीन होईपर्यंत ते सांगली संस्थानात होते, त्यामुळे इथल्या पेठेचा इतिहास शोधणाऱ्याने बेळगावच्या कचेरीत कितीही खेटे घातले तरी हाती फार काही लागत नाही. कोणत्या गावचे काय कुठे पाहावे, याच्या मामांच्या दोन वह्या आहेत. नव्या अभ्यासकाची दोन-तीन वर्षे त्या सहज वाचवतील.

इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस गेले, तेव्हा त्यांच्या कागदांसाठी धुळ्यात मंडळ उभे राहिले. प्रत्येक स्थानिक लेखकासाठी मंडळ काढा, असे कोणी म्हणणार नाही. शहरातील एखाद्या वाचनालयाने वा महाविद्यालयाने एक कोरडी खोली आणि दोन पोलादी कपाटे राखली, कागद आले त्याच क्रमाने खोक्यांना क्रमांक घातले, गंजलेल्या टाचण्या काढल्या आणि खोकेवार साधी यादी केली, तरी सुरुवात होईल. संगणकावर छायाचित्रे घेणे नंतर करता येईल. आधी कसर आणि पावसाळा, या दोघांपासून कागद वाचले पाहिजेत.

घरच्यांनीही थोडे शहाणपण दाखवायला हवे. आलेल्या पत्रांत लोकांच्या खासगी गोष्टी असतात. शिवाय पत्राचा कागद आपला झाला, तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याकडे किंवा त्याच्या वारसांकडे राहतो. म्हणून काही पत्रे ठरावीक वर्षे बंद ठेवावीत, अशी अट दानपत्रातच घालता येते. लाज वाटते म्हणून गठ्ठेच्या गठ्ठे बंबात घालण्याची गरज नाही. आमच्याकडे एक गठ्ठा तसा गेला. तो मीच घातला, हे कबूल करतो.

उरलेली एकोणीस खोकी आणि वह्या, भाषेची वाटणी न करता एकत्र ठेवण्याच्या अटीवर, विनामूल्य द्यायला मामी तयार आहेत. माळ्याची कौले गळू लागली आहेत, तेव्हा मृगापूर्वी कोणी पाहून गेल्यास बरे होईल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
शहापूर, बेळगाव