कासवाला भूल देण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. कासवाच्या मूत्राशयात खडा आहे आणि ते तुझ्या टेबलावर येणारं पहिलंच कासव असेल, हे वाचून मला राहवेना. कुत्र्या-मांजरांवर तुझा हात चांगला बसलाय, पण ती सवय इथे घात करते.

मास्क लावून गॅसने झोपवायचा विचार सोडून दे. कासव श्वास रोखून धरतं, आणि बराच वेळ धरतं. सुरुवात इंजेक्शननेच करावी लागते.

माझी एक चूक तुला आधी सांगतो. थंडीचे दिवस होते. एका कासवाला नुसतं केटामाइन, म्हणजे भुलीचं औषध, टोचलं. वीस मिनिटं झाली तरी ते पाय आत ओढून घेत होतं. मला धीर धरवेना, म्हणून आणखी टोचलं. त्याचं अंग गार होतं रे! पहिलं औषध आत होतंच, ते चढायला वेळ लागत होता. मग दोन्ही डोस एकदम चढले. पुरतं शुद्धीवर यायला त्याला दोन दिवस लागले आणि पहिली अख्खी रात्र मी शेजारी बसून त्याला श्वास द्यायला हाताने फुगा दाबत होतो. ते वाचलं, पण ती रात्र मी विसरलो नाही.

म्हणून सांगतो, आदल्या दिवसापासून त्याला उबेत ठेव, बहुतेक जातींना 28 ते 30 अंश सेल्सिअस मानवतं. वजन ग्रॅममध्ये घे. टोचल्यावर थांब. खरोखर थांब. स्नायूतलं इंजेक्शन पुढच्या पायात दे, कारण मागच्या पायांतलं रक्त हृदयाकडे जाण्याआधी मूत्रपिंडांतून फिरू शकतं, आणि औषध तिथेच निघून जाऊ शकतं.

मी आता केटामाइन कमी ठेवतो आणि जोडीला मेडेटोमिडिन हे गुंगीचं औषध देतो. त्याचा मोठा फायदा म्हणजे अटिपामेझोल हा त्याचा उतारा देऊन मेडेटोमिडिनचा अंमल उतरवता येतो. अटिपामेझोल मात्र स्नायूतच टोच, शिरेतून दिलं तर रक्तदाब कोसळू शकतो. अंमल उतरताना वेदनाशमनही उतरतं, तेव्हा मॉर्फिन आधीच दिलेलं असू दे. ब्युटोर्फॅनॉल या दुसऱ्या वेदनाशामकावर विसंबू नकोस, लाल कानाच्या कासवांवर तपासलं तेव्हा त्याने वेदना कमी झाल्या नाहीत, मॉर्फिनने झाल्या. डोस त्या जातीपुरते पुस्तकात बघून घे, एका जातीचा आकडा दुसरीला लावू नकोस.

प्रोपोफॉल, म्हणजे शिरेतून द्यायचं भुलीचं औषध, द्यायचं असेल तर मानेतली शीर शोध. पाठीच्या कवचाखालची जागा सोपी वाटते, पण मज्जारज्जू तिथून हाकेच्या अंतरावर आहे. सुई चुकली तर मागचे पाय कायमचे जाऊ शकतात.

आणि श्वास! कासवाला आपल्यासारखं श्वासपटल (छाती आणि पोटामधला पडदा) नसतं, पायांच्या आणि पोटाच्या स्नायूंनी ते हवा आत-बाहेर करतं. स्नायू सैल पडले की श्वास बंद. त्यात तू त्याला उताणं ठेवणार, म्हणजे आतड्यांचा भार फुप्फुसांवर. नळी घालून मिनिटाला तीन-चार श्वास तूच दे. श्वासनलिका मानेतच दुभंगते, त्यामुळे नळी आखूड हवी, नाहीतर एकच फुप्फुस फुगेल. नळीभोवती फुगवायची पट्टी (कफ) नको, श्वासनलिकेच्या कड्या पूर्ण गोल असतात, ताणल्या जात नाहीत.

हृदयाचा ठोका मान आणि पुढच्या पायाच्या बेचक्यात डॉपलर (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र) टेकवून ऐक.

बर्फात किंवा फ्रिजमध्ये ठेवून कासव 'शांत' करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नकोस. गारठलेलं कासव हलत नाही, पण त्याला दुखतं. याचा मला फार संताप येतो.

नळी काढायची घाई करू नकोस. आधी जबडा आवळेल, मग बोट लावलं की मान आत जाईल, आणि मग पुढचे दोन्ही पाय हलकेच बाहेर सरकून आत येतील. तो त्याचा स्वतःचा श्वास. तसे बरेच मोज, मगच नळी काढ. त्या रात्री उशिरा झाला तरी फोन कर, मी जागाच असेन.

तुझा,
जुना सोबती