आमच्या पियानोच्या अनाम डॉक्टरांचे आभार

घर बदलताना आजेसासऱ्यांच्या ग्रँड पियानोच्या झाकणाचा कोपरा दाराच्या चौकटीला घासला. टवका उडाला, शेजारी हातभर ओरखडा. आवाजाला धक्का नव्हता, पण काळ्या चकचकीत लाकडात ते पांढरट भगदाड बघवेना.

दुकानदार म्हणाले, सगळं खरवडून नवा रंग मारा. ज्या निवृत्त ट्यूनरकाकांनी फोनवरच ‘थांबा!’ म्हणून अडवलं, त्यांचे पहिले आभार. त्यांच्या सांगण्यावरून झाकणाच्या आतल्या बाजूला स्पिरिटचा बोळा टेकवला. बोळा काळा झाला, जागा चिकट लागली. म्हणजे वरचा थर चपडा लाखेचा, स्पिरिटमध्ये विरघळणाऱ्या पॉलिशचा. नव्या पियानोंवरचं पॉलिएस्टरचं कडक पॉलिश स्पिरिटला दाद देत नाही, त्याची दुरुस्तीही वेगळी.

मग ते पॉलिशवाले चाचा. त्यांनी आधी तारांवर जुनी चादर अंथरून घेतली, धूळ आत जायला नको म्हणून. टवका काळ्या लाखेची कांडी वितळवून भरला, बारीक पॉलिश पेपरने सपाट केला. नंतर फडक्यात गुंडाळलेला कापूस, लाखेत काळा रंग, जेमतेम थेंबभर तेल. गोल गोल हात फिरवत थरावर थर. घाई केली की खालचा थर उचलला जातो, म्हणून मध्ये चक्क झोप काढायचे! मजुरी मात्र संकोचूनच घेतली.

आणि चार पायऱ्या चढून झाकण उचलायला धावलेली जिन्यातली अनोळखी पोरं: तुम्हालाही मनापासून धन्यवाद. चहा राहिलाय, या कधीही.