विजयदुर्गाबरोबर गिर्येची गोदीही जपावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले आणि त्यांत देवगड तालुक्यातील विजयदुर्गही आला, याचा आनंद आहेच. मात्र त्यानंतरची चर्चा तटबंदी, बुरूज आणि तोफा यांच्यापुढे फारशी सरकलेली दिसत नाही. ज्या आरमाराच्या जोरावर या किल्ल्याचा दरारा होता, त्याच्या जहाजांची निगा राखणारी गिर्ये येथील, मराठा आरमारप्रमुख आंग्रे घराण्याच्या काळातील गोदी वाघोटन खाडीत थोडी आत आहे आणि किल्ला पाहून परतणाऱ्या अनेकांना तिचा पत्ताही नसतो.

कातळ खोदून केलेली ही गोदी सुमारे ३५५ फूट लांब आणि २२७ फूट रुंद आहे. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यायचे आणि ओहोटी लागली की ते तळावर टेकवून कामाला लागायचे, हे अशा गोदीचे तंत्र. बुडाला चिकटलेली कालवे खरवडणे, किड्याने पोखरलेली फळी बदलणे, सांध्यांत कापूस आणि राळ ठासणे ही कामे जहाज पाण्यात असताना होत नाहीत. त्यातही आंग्र्यांची गुराबे, म्हणजे मोठी लढाऊ जहाजे, १५० ते ३०० टनांची आणि नाळेवरून (पुढच्या टोकावरून) समोर तोफांचा मारा करणारी. प्रत्येक बारासरशी सांगाड्याला बसणारा हादरा लक्षात घेतला, तर लढाईइतकेच महत्त्व सुतारांच्या हाताला होते, असे मला ठामपणे वाटते.

फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्रे यांचे आरमार याच बंदरात जळाले. तरीही पुढे पेशव्यांच्या आरमाराचे मुख्य ठाणे विजयदुर्गच राहिले आणि पेशव्यांचे आरमारप्रमुख आनंदराव धुळप यांनी ते नावारूपाला आणले. जहाजबांधणी जाणणारी माणसे या किनाऱ्यावर नसती, तर हे घडणे कठीण होते.

म्हणून पुरातत्त्व विभागाने किल्ल्याच्या जतन आराखड्यात या गोदीला स्पष्ट स्थान द्यावे, अशी विनंती आहे. प्रथम तिची तपशीलवार मोजणी व्हावी. गाळ काढायचा झाल्यास तो तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच काढावा, कारण ठेकेदाराचा जेसीबी एकदा आत उतरला की गाळात दडलेले लाकूड, खिळे, नांगराचे तुकडे काय असतील ते सारे त्याच्याबरोबर जाईल. खाडीकाठी लाकडी होड्या बांधलेले वयस्क मेस्त्री आज मोजकेच उरले आहेत. फायबरच्या होड्या आल्यापासून त्यांच्या हाताला काम नाही आणि त्यांची मापे, लाकूड निवडण्याच्या खुणा कागदावर नाहीत. मोजणीच्या कामात या मंडळींना मानधन देऊन सामील करून घ्यावे आणि त्यांच्या मुलाखती ध्वनिचित्रमुद्रित कराव्यात. हे काम येत्या पावसाळ्यापूर्वी सुरू व्हावे.

आपला,
एक वाचक, सिंधुदुर्ग