दादा, त्या दोन टायरांसाठी मनापासून थँक्यू

दादा,

पंक्चर काढायला तुमच्याकडे कायम कोणाचं ना कोणाचं चाक खोललेलं असतं, हात काळे, मागे दोघंतिघं उभे, त्यामुळे नीट आभार मानायचे दरवेळी राहूनच जातात. म्हणून आज लिहूनच टाकते, आणि मुद्दाम सगळ्यांसमोर लिहिते, कारण तुम्ही जे केलंत ते इतरांनाही कळायला हवं.

आधी पहिल्या टायरचं. माझ्या दुचाकीच्या मागच्या चाकात स्क्रू घुसला होता, चांगला जाडजूड, रस्त्यावर घासून डोकं चकचकीत झालेलं. तुमच्याकडे यायच्या आधी मी दुसरीकडे दाखवलं होतं, तिथे चाक न खोलता, उभ्या उभ्या बघून सांगितलं की टायर गेला, नवीन टाका. टायर जेमतेम वर्षाचा, नक्षी भरपूर शिल्लक, जीवावर आलं होतं अगदी. तुम्ही तो स्क्रू लगेच उपटला नाहीत हे मला आधी जाणवलं. म्हणालात, ट्यूबलेसमध्ये खिळा आत आहे तोवर तोच बूच असतो, हवा हळूहळू जाते, उपटला की भस्सकन बसतो. मग साबणाचं पाणी मारून बुडबुडे बघितलेत, खडूने गोल केलात, आणि मग टायर रिमवरून उतरवलात. भोक बरोबर मधल्या पट्ट्यात, सरळ आत गेलेलं, ६ मिमीच्या आतलं. "ताई, याला नवीन कशाला, हा होतो की."

आणि झाला पण. बाहेरून नुसती रबराची वात भोकात खुपसून मोकळे झाला असतात तरी मला काय कळलं असतं, पण तुम्ही आतून रबर घासलंत, सोल्यूशन लावलंत, ते सुकेपर्यंत थांबलात (मी सारखी घड्याळ बघत होते, तरीही थांबलात), मशरूम पॅच (छत्रीसारखा, दांडी भोकात आणि टोपी आतून चिकटलेली) आतून बाहेर ओढून बसवलात, रोलरने दाबलात, व्हॉल्व पण बदललात. तो टायर पुढे पार टीडब्ल्यूआयच्या, म्हणजे नक्षी संपत आल्याच्या, खुणेपर्यंत घासला, पण त्या जागेतून एकदाही हवा गेली नाही.

आता दुसरा टायर, ज्याच्यासाठी खरं तर हे पत्र आहे.

नवीन टायर, चार महिने झालेले. लेक मागे बसलेली, वळणावर गाडी मागून डुलायला लागली, मी थ्रॉटल हळू सोडला, मागचा ब्रेक न दाबता बाजूला घेतली. खिळा एवढासा, टाचणीपेक्षा थोडा जाड. मनात म्हटलं हे तर पाच मिनिटांचं काम. लेकीला जवळच मैत्रिणीकडे सोडलं आणि गाडी ढकलवेना म्हणून तशीच, हवा नसताना, हळूहळू दोन-तीन किलोमीटर चालवत तुमच्यापर्यंत आणली.

तुम्ही खिळ्याकडे बघितलंच नाहीत. पहिला प्रश्न, "हवा गेल्यावर किती चालवली?" मी खरं ते सांगितलं, आणि तुम्ही काही न बोलता टायर उतरवायला घेतलात. आत बोट फिरवून माझ्यासमोर धरलंत, बोटावर खोडरबराच्या चुऱ्यासारखी काळी भुकटी. मग टायर उजेडात धरून साईडच्या, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीच्या, आतली रेघ दाखवलीत, गोल पूर्ण फिरलेली, आणि जरा वाकवल्यावर तिथून दोरे दिसायला लागले. ते बघून मला खरंच धस्स झालं, कारण बाहेरून टायर नवाकोरा दिसत होता.

तेव्हा तुम्ही जे समजावलंत ते मी आता भेटेल त्याला सांगते. हवा नसली की गाडीचं सगळं वजन साईडवर येतं, दर फेरीला ती रिम आणि रस्त्यामध्ये दुमडते, तापते, आतले दोरे तुटायला लागतात. पॅचने भोक बुजतं, तुटलेले दोरे जुळत नाहीत. हवा भरली की वरून सगळं ठीक दिसेल आणि एखाद दिवशी लोड असताना, स्पीडमध्ये फुटेल. भोक साईडला किंवा कडेला असेल तरी तेच, ती जागा सतत वाकत असते आणि वळताना गाडी नेमकी त्या कडेवरच तोललेली असते, तिथे पॅचचा भरवसा नाही. मी तरीही म्हटलं, वात मारून द्या, मी सावकाश चालवीन. मग म्हटलं, आतून ट्यूब टाकली तर? तुम्ही म्हणालात, ट्यूब टाकली म्हणून साईड मजबूत होते का. आणि मग, "मागे पोरगी बसते ना तुमच्या?" यापुढे मी काहीच बोलले नाही.

दादा, तुम्ही टायर विकत नाही. मला नवीन घ्यायला सांगून तुम्हाला काही मिळणार नव्हतं, उलट हातातलं काम गेलं. वर नवीन टायर घेताना काय बघायचं तेही सांगितलंत, साईज आणि लोडचा आकडा गाडीच्या पुस्तकातल्याप्रमाणेच, साईडवरच्या तारखेचे चार अंक वाचायचे, म्हणजे २३२४ असेल तर २०२४ चा २३ वा आठवडा, आणि टायरवरच्या बाणाची दिशा चाक फिरतं त्याच बाजूला. मी दुकानात उभं राहून चारही अंक वाचले, पहिला टायर बराच जुना निघाला, तो परत ठेवायला लावला आणि दुसरा मागून घेतला. पहिले १५०-२०० किलोमीटर नवीन रबर गुळगुळीत असतं, वळणावर जपून, हेही तुमचंच वाक्य, तेही पाळलं.

म्हणजे बघा, जाड स्क्रूवाला टायर तुम्ही वाचवलात आणि टाचणीएवढ्या भोकाचा टायर फेकायला लावलात. दोन्ही वेळा मी मनात बरोबर उलटं धरून आले होते, आणि दोन्ही वेळा तुम्ही आतून बघितल्याशिवाय एक शब्द बोलला नाहीत. लेकीला मी हे सगळं सांगितलंय, तिला ती काळी भुकटी पण दाखवली, ओढणीला लागली होती थोडी.

खूप खूप आभार दादा. मंगळवारी सकाळी येते हवा बघायला, गाडी थंड असतानाच, तुम्ही सांगितलंय तसं.

तुमची,
मागच्या टायरवाली ताई