माजघरात झोपू नका

सेंदाई (जपान), रविवार रात्र

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा नुसतं ‘बरं’ म्हणाले की मला पुढचं सुचत नाही, म्हणून लिहितेय. सांगूनच टाकते. मी सही केली. नोकरी पक्की आहे, इथंच, सेंदाईला. पुण्याला नाही म्हणून कळवलं. दादाला अजून बोलले नाही, आधी तुम्हाला.

रागावू नका. म्हणजे रागवा, पण बीपीची गोळी घेऊन रागवा.

बाबा, तुमचा प्रश्न मला पाठ आहे. सास्तूर डोळ्यांनी बघितल्यावर माणसानं भूकंपाच्या देशात घर करावं का? यावर माझ्याकडं सरळ उत्तर नाही. एवढंच की आपल्याकडं सास्तूर-किल्लारीला 1993 ला जो भूकंप झाला तो प्लेटच्या, म्हणजे जमिनीच्या कवचाच्या तुकड्याच्या, पार मधे झाला. तसा धक्का त्याच जागी पुन्हा यायला हजारो वर्षं लागू शकतात, एका माणसाच्या नोकरीत मोजून हाती काय लागणार? इथं पॅसिफिकचा तळ जपानच्या खाली वर्षाला चार बोटं सरकतो. आठेक सेंटिमीटर, दर वर्षी. दोन प्लेटांच्या सांध्यात अडकतो, ताण साठतो, कधीतरी सुटतो. 11 मार्च 2011 ला सुटला तेव्हा समुद्रतळावर ठेवलेली मोजणीची खूण 24 मीटर सरकलेली सापडली. तेरा परस, बाबा! आपली विहीर सात परसाची.

आता एक गंमत ऐका, खास तुमच्यासाठी राखून ठेवलीय. इतकं सरकलं ते कशावर घसरून? ते बघायला 2012 साली चिक्यू नावाचं जहाज गेलं. जवळपास सात किलोमीटर पाणी, त्याखाली तळात आठशे मीटरहून खोल भोक, आणि तिथून त्या सांध्यातली माती वर आणली. थर पाच मीटरसुद्धा जाड नाही. निघाली काय, तर चिकणमाती! स्मेक्टाईट म्हणतात तिला, आणि आपल्या काळ्या रानातली चिकणमाती त्याच जातीची. मिरगाच्या पावसात गाडी रुतली की तुम्ही बैलांना सोडून त्या मातीलाच शिव्या द्यायचात, आठवतं? मी तो नमुना पहिल्यांदा बघितला, काळसर-तपकिरी, खवल्याखवल्यांचा. भोवती सगळे घर्षणाचे आकडे बोलत होते आणि माझ्या मनात आलं, बाबांच्या पायाला यंदा चिखल्या झाल्या असतील का.

तुम्ही म्हणाल, या सगळ्याचा आपल्या लोकांना काय उपयोग. तर 28 नोव्हेंबर 1945 ला आजच्या पाकिस्तानातल्या मकरानच्या किनाऱ्यापाशी असाच सांधा सुटला होता आणि लाट पार मुंबईपर्यंत येऊन माणसं घेऊन गेली. तोही कुणीतरी बघायलाच हवा. (हे मी वकिलासारखं बोलतेय, कळतंय मला.)

माझी काळजी करू नका. खोली टेकडीवर आहे, समुद्रापासून लांब. कपाट भिंतीला ठोकलेलं, मोठा धक्का बसला की गॅस आपोआप बंद होतो. दाराशी पिशवी भरलेली असते: पाणी, बॅटरी, शिट्टी, आणि आईची शेंगाची चटणी. चटणी दर महिन्याला संपते, म्हणून पिशवी दर महिन्याला तपासली जाते. ज्वारीचं पीठ अजून दोन किलो आहे. हो आई, थापते मी. वाकडी होते, पण फुगते.

किनाऱ्यालगत अराहामाची शाळा आहे, चार मजली. 2011 च्या त्या दिवशी लाट आली तेव्हा 320 माणसं तिच्या गच्चीवर चढून वाचली. भोवतालचं गाव पाण्यानं धुऊन नेलं, शाळा उभी राहिली. मी तिथं वर्गात उभी होते आणि मला आपलं माजघर दिसत होतं.

कारण बाबा, सास्तूरला आत्याचं घर पण चांगलंच मजबूत होतं ना? दीड हात जाड दगडी भिंती, पण दगड मातीत बसवलेले, आणि वर माळवदाचं ओझं. गणपती बोळवून दमून झोपलेली माणसं. तुम्ही दुसऱ्या दिवशी रात्री परत आलात, कुणाशी न बोलता विहिरीवर गेलात, किती तरी वेळ पाणी ओतत राहिलात. मी बघत होते, झोपले नव्हते. नंतर पावसात आपण पत्र्याखाली झोपायचो तेव्हा आई पदराचं टोक माझ्या मनगटाला बांधायची, हललं की दोघी उठाव्यात म्हणून. इथं रात्री बारीकसा धक्का बसला की अजून हात मनगटावर जातो.

तेव्हा आता ऐकायचं. पलंग माजघरातून काढून मागच्या स्लॅबच्या खोलीत न्यायचा, याच आठवड्यात. ‘तिथं उकडतं’ चालणार नाही. कूलर आणि इन्व्हर्टरची नवी बॅटरी दादा आणून देईल, पैसे मी पाठवलेत. संडासात धरायला दांडी बसवून घ्या. आईनं माळ्यावर चढायचं नाही, गूढ आवाज आला की देवघरात न थांबता अंगणात यायचं. देव येतात आपले आपण. ऑगस्टमध्ये तीन आठवडे मी जहाजावर असेन, फोन लागला नाही तर घाबरू नका. दिवाळीचं तिकीट काढलंय.

आणि बाबा, माजघरातल्या त्या भेगेबद्दल. काळी माती फुगते-आकसते म्हणून भेग पडते, तुमचं खरं आहे, पण पडलेली भेग भेगच असते. माझी उंची जिथं तुम्ही खुणा करायचात ना, तिच्या शेजारीच आहे ती. पेन्सिलीनं दोन्ही टोकांना आडवी रेघ मारा, तारीख घाला, महिन्यानं फोटो पाठवा. वरचं टोक उंच आहे, ते दूधवाल्याच्या पोराकडून करून घ्या. तुम्ही स्टुलावर चढायचं नाही.

तुमची,
मनी