बाबा, इंजिनं घाईत घेऊ नका

ऑकलंड
रविवार, सकाळ

ती. बाबा आणि आईस,
शि. सा. नमस्कार.

मी खुशाल आहे. तब्येत चांगली आहे, जेवण वेळेवर होतं, जाड जॅकेट घेतलं आहे. हे आधीच लिहितो, कारण आई पहिल्या ओळीत तेच शोधणार.

आपल्या बोटीची इंजिनं दर्यात बंद पडली, आता अलिबागची जुनी जोडी घ्यावी का, यावरून परवा बाबांनी रागानं फोन ठेवला आणि माझं निम्मं बोलणं राहून गेलं. त्यात आपल्या घड्याळांत साडेसहा तासांचं अंतर. तुम्ही रात्री जेवून निवांत होता, तेव्हा इथे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. झोपेत माणूस नीट बोलत नाही, म्हणून सगळं लिहूनच काढतोय. सोनल, हे बाबांना मोठ्यानं वाचून दाखव. इंजिनाचा भाग दादूसलाही वाचायला दे.

बाबा, आधी दादूसचं बोलतो. तो तेल घालायला विसरला म्हणून इंजिन जाम झालं, असं तुम्ही चारचौघांत म्हणालात. ते त्याला फार लागलंय. त्यानं मला त्या दिवशीच्या फिल्टरचा फोटो पाठवलाय, तो तुम्ही मोठा करून बघा. पारदर्शक वाटीत दोन थर दिसतात. वर पेट्रोल आणि खाली बोटभर गढूळ पाणी. ते नुसतं पाणी नाही. आपल्याकडे आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि मे महिन्यात दर्यावर हवा किती दमट असते ते तुम्हाला मी काय सांगू! थोडं पाणी पेट्रोलात मुरून राहतं. जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतात. इंजिनाची नळी तळातूनच ओढते. आपल्या जुन्या टू-स्ट्रोकला वंगण मिळतं ते पेट्रोलात मिसळलेल्या तेलातून, आणि तळाच्या त्या थरात तेल टिकत नाही. म्हणजे ५० भाग पेट्रोलाला १ भाग तेल हे माप दादूसनं बरोबर घातलं असलं, तरी पिस्टन कोरडाच घासला गेला. प्रॉंग्सच्या दिव्यासमोर उजवं इंजिन बसलं आणि पाठोपाठ डावंही खोकायला लागलं, त्याचं कारण तेच. इंजिनं दोन, पण टाकी एक. कारंजाच्या त्या बोटीनं दोर टाकून ओढत आणलं नसतं तर काय झालं असतं, हा विचार मला इथे रात्री झोपू देत नाही.

तेव्हा नवी जोडी कुठलीही घ्या, पण दोन इंजिनांना दोन टाक्या, दोन फिल्टर आणि दोन बॅटऱ्या हव्यात. एका टाकीवर दोन इंजिनं म्हणजे एकच इंजिन दोनदा विकत घेतल्यासारखं आहे. फिल्टर पाणी वेगळं काढणारा, १० मायक्रॉनचा घ्या. फेरीला निघण्याआधी रोज खालची चावी उघडून बाटलीत थोडं काढून बघा. बोट आठवडाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, रिकाम्या जागेतच ओल धरते.

आता अलिबागच्या जोडीबद्दल. २०० हॉर्सपॉवरची दोन इंजिनं निम्म्या किमतीत मिळतायत आणि मोठं इंजिन दमत नाही, हे तुमचं म्हणणं मला कळतं. पण ती इव्हिनरूडची आहेत. शंभर वर्षांहून जुनं नाव, आणि इंजिनंही ताकदीची. मात्र २०२० मध्ये कंपनीनं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे टांगायची इंजिनं, बनवणंच बंद केलं. मी काम करतो त्या बोटदुरुस्तीच्या यार्डात त्या नावाची इंजिनं लावलेल्या बोटी येतात तेव्हा आम्ही आधी सुटा भाग मिळतोय का ते बघतो आणि मगच हात लावतो. इथे ही गत, तर ससून डॉकला काय होईल? भर हंगामात एका सेन्सरसाठी तीन आठवडे बोट उभी राहिली, तर वाचवलेले पैसे तिथेच गेले.

शिवाय जुनं आउटबोर्ड वरून ओळखता येत नाही. गेल्या महिन्यात एक गिऱ्हाईक अशीच एक जोडी घेऊन आलं. रंग नवा, झाकण चकचकीत. मी थर्मोस्टॅटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या झडपेचं, झाकण उघडलं तर आत मीठ दगडासारखं बसलेलं. खालच्या गिअरचं तेल काढलं तर चहात दूध पडावं तसं, म्हणजे सीलमधून पाणी आत गेलेलं. जुनं घ्यायचंच असेल तर प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, समोर मोजून घ्या, एकमेकांत १० टक्क्यांहून जास्त फरक नको. इंजिनाच्या कॉम्प्युटरमधून चाललेल्या तासांचा कागद काढून मागा. विकणारा नाही म्हणाला तर तिथून उठा.

दादूसचा डिझेलचा विचार चुकीचा नाही. मामाच्या ट्रॉलरला लेलँडचं डिझेल इंजिन आहे आणि ते वर्षानुवर्षं चालतंय, हे खरंच आहे. पण ट्रॉलर पाणी कापत चालतो, आपली बोट पाण्यावर उठून धावते. एवढं वजन पोटात घातलं तर ती उठणारच नाही, नुसती नाक वर करून पाणी ढकलत राहील. आणि आपली बोट मासेमारीची नाही, तेव्हा मामाला मिळतो तसा डिझेल परतावा धरून हिशेब करू नका.

माझं मत सांगतो. नवी फोर-स्ट्रोक घ्या, म्हणजे ज्यांत तेल पेट्रोलात मिसळावं लागत नाही अशी, ११५ हॉर्सपॉवरची दोन. वेग थोडा कमी होईल, पण मांडव्याला दहा माणसं नेणाऱ्या बोटीला शर्यत लावायची नाही. एक बंद पडलं तर उरलेल्या एकावर बोट उठणार नाही, पण माणसं घरी येतील. यामाहा, सुझुकी, मर्क्युरी, होंडा, चारही मी रोज उघडतो. नीट वापरलं तर चारही चालतात. त्यामुळे कुठलं नाव चांगलं हे मला विचारू नका. मुंबईत कोणाच्या मेस्त्रीकडे पाण्याच्या पंपाचा इम्पेलर, थर्मोस्टॅट आणि इंधनाचा पंप फळीवर आहे, कोण फोन केल्यावर धक्क्यावर येतो, ते दादूसनं स्वतः जाऊन बघावं. ज्याच्याकडे आहे, त्याचं इंजिन घ्या. आणि २० टक्क्यांच्या पेट्रोलवर वॉरंटी चालेल का, हे त्याच्याकडून लेखी घ्या. इथे माझ्या हाताखालून जाणाऱ्या मॅन्युअलांत १० टक्क्यांपर्यंतच परवानगी लिहिलेली असते. तोंडी ‘हो हो, चालतं’ यावर पैसे देऊ नका.

एक गोष्ट पैसे द्यायच्या आधी करा. फोर-स्ट्रोकची जोडी आपल्या जुन्या जोडीपेक्षा जड पडू शकते. जेवढा फरक असेल तेवढ्या वाळूच्या गोण्या इंजिनं टांगतात त्या मागच्या फळीशी ठेवा, तिथे दोन माणसं उभी करा आणि डेकवरचं पाणी जायची भोकं पाण्याखाली जातात का बघा. गेली तर ते इंजिन आपलं नाही. फळी हातोडीनं ठोकूनही बघा. टणटण वाजली तर ठीक. भद्द आवाज आला तर फायबरच्या आतलं प्लाय कुजलंय, आणि कुजक्या फळीवर नवं इंजिन टांगणं म्हणजे ते दर्याला देणं.

पंख्याचं, म्हणजे प्रोपेलरचं, मी फोनवर सांगेन. आत्ता एवढंच, की दहा माणसं बसवून पूर्ण रेस दिल्यावर मिनिटाच्या फेऱ्यांचा काटा कंपनीनं सांगितलेल्या आकड्यांत यायला हवा, बहुतेक ५००० ते ६०००. त्याखाली राहिला तर इंजिन रडत चाललंय, पंख्याची पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो किती पुढे सरकतो ते माप, कमी करून घ्या. एक इंच कमी केली की साधारण दीडशे-दोनशेनं फेरे वाढतात.

आणि चाचणी घ्याल ती फेरीबोटींच्या वाटेपासून लांब. १८ डिसेंबर २०२४ आपण कोणी विसरलेलो नाही. घारापुरीला निघालेल्या फेरीला धडकली ती बोट इंजिनाची चाचणीच घेत होती. पहिले दहा तास सांभाळून चालवा, आणि अंगात लाइफ जॅकेट घालूनच. बाबा, तुम्हीसुद्धा. पन्नास वर्षं दर्यावर काढली आहेत हे मला माहीत आहे, तरी घाला.

आई, तुला कंटाळा आला असेल, तर आता तुझ्यासाठी. तू विचारतेस इथली माणसं कशी आहेत. माणसं प्रेमळ आहेत, पण त्यांची एक गोष्ट मला अजून उमगलेली नाही. ही माणसं अनवाणी फिरतात. घरात नाही गं, बाजारात! पायात चपला नाहीत आणि माणूस हातात दुधाची बाटली घेऊन दुकानाच्या रांगेत उभा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं याची चप्पल तुटली असेल. मग दुसरा दिसला, मग शाळेतली पोरं दिसली, मग एक बाई कडेवर मूल घेऊन पेट्रोल पंपावर, तीही अनवाणी. थंडीतसुद्धा. गरिबी म्हणावी तर ज्याच्या बोटीवर मी सध्या काम करतोय त्याची बोट आपल्या चाळीच्या किमतीची, आणि तो गाडीतून उतरतो तो अनवाणी. नवस असेल, सुतक असेल, असं काही मनात आणू नकोस, तसं काहीच नसतं. माझ्याबरोबरचा मेस्त्री म्हणाला, लहानपणापासून असंच, पायाला बरं वाटतं म्हणून. यापलीकडे कारण नाही. रस्ते स्वच्छ असतात हे खरं, पण तरी! त्यांच्या बोटीवर मात्र बूट घालून कोणी चढत नाही. पहिल्या दिवशी मी न सांगता बूट काढून डेकवर गेलो, तर तो मालक खूश झाला आणि म्हणाला, तुला कोणी शिकवलं? बाबा, होडीवर चप्पल घालून चढलो म्हणून तुम्ही मला एकदा धक्क्यावर सगळ्यांदेखत दिली होती, ते मी त्याला सांगितलं.

मी तिथे दुसऱ्यांच्या बोटींना इंजिनं बसवतो आणि आपली बोट वरळीला ताडपत्रीखाली पडून आहे, हे बाबा बोलले नाहीत, पण मला ऐकू आलं. मी काही मजा करायला आलेलो नाही. इथे शिकलो नसतो तर वरचं एक अक्षर मला लिहिता आलं नसतं. पण नारळी पौर्णिमेला तुम्ही सगळे धक्क्यावर असाल, सोन्याचा नारळ निघेल, आणि मी इथे कोणाच्या तरी इंजिनाखाली आडवा असेन. त्याचं मला वाईट वाटत नाही असं समजू नका.

पैशांचं. मी १०,००० डॉलर म्हणालो होतो. ६,००० पाठवतोय, म्हणजे साधारण तीन लाख होतील. उरलेले कुठे गेले ते आज सांगतोच, लपवून बरं वाटत नाही. इथे कायम राहण्याच्या परवान्याचा अर्ज केलाय आणि त्याची फी भरली. याचा अर्थ मी परत येणार नाही असा नाही. मिळाला तर दर दोन वर्षांनी व्हिसाची टांगती तलवार राहणार नाही, एवढंच. बाबांना हे शांतपणे वाचून दाखव, सोनल.

या तीन लाखांतून आधी आईच्या पाटल्या सोडवून आणा. मग इंजिनं. आई नको म्हणेल, तिचं ऐकू नका. माझ्या तिकिटासाठी त्या गहाण पडल्या आणि सोनलच्या साखरपुड्यात आईचे हात मोकळे दिसले, तर मी कोणाला तोंड दाखवू? इंजिनांसाठी पतसंस्थेचं कर्ज काढावं लागलं तर हप्ता मी भरेन. हे लेखी आहे, दादूस, जपून ठेव.

आई, वेसाव्याच्या त्या मुलीचा फोटो बघितला. मुलगी चांगली आहे, नर्स आहे, मला नाव ठेवायला जागा नाही. पण परवान्याचा निकाल लागेपर्यंत शब्द देऊ नकोस. तिला मी कुठे राहायला आणणार, हे मलाच माहीत नसताना तिच्या घरच्यांना थांबवून ठेवणं बरं नाही. रागावू नकोस.

साखरपुड्याला मला येता येणार नाही. तुमचा हंगाम तोच इथला हंगाम. नोव्हेंबरात इथे उन्हाळा तोंडावर येतो, नाताळाच्या आधी प्रत्येकाला बोट पाण्यात हवी असते, आणि रजा मागितली तर मालक नाही म्हणतो. वैशाखात लग्नाला मात्र नक्की येतो, चार आठवडे. लग्न आटोपलं की बोट वर ओढायच्या वेळी मी तिथे असेन, पहिली सर्व्हिस माझ्या हातानं करीन.

दादूस आणि वहिनीला नमस्कार, छोट्याला पापा.

तुमचा,
निलेश

ता. क. सोनल, साखरपुड्याच्या दिवशी फोन कोणाच्या हातात देऊ नकोस, हलतो. खिडकीच्या कठड्यावर टेकवून ठेव, म्हणजे पाट आणि आई दोन्ही दिसतील. सप्टेंबरअखेर इथलं घड्याळ एक तास पुढे जातं, त्यामुळे संध्याकाळी सहाचा मुहूर्त असेल तर इथे रात्रीचा दीड वाजलेला असेल. मी जागा आहे.